बाबांनी पडवीत विचारलेला प्रश्न

प्रश्न, थोडक्यात: माझे वडील ६८ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. घर वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. मुंबईच्या डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलं. आम्ही ख्रिस्ती आहोत. घरी प्रार्थनेला येणारी मंडळी म्हणतात, मरणाचं नाव काढू नका, तो अविश्वास ठरेल. परवा रात्री पडवीत बाबांनी विचारलं, "मी आता जाणार ना रे?" मी म्हटलं, "काहीतरीच काय, बरे व्हाल." तेव्हापासून ते फारसं बोलत नाहीत. मला प्रार्थना करता येत नाही, देवाचा रागच येतो. ख्रिस्ती माणसाला मरणासमोर आशा असते, असं लहानपणापासून ऐकत आलो. ती मिळते कुठे?

उत्तर

तू मला ‘आदरणीय सिस्टर’ लिहिलंस, पण मी तुला तू म्हणते, राग मानू नकोस. माझा धाकटा तुझ्याच वयाचा असावा. आणि सिस्टर म्हणजे नर्स, नन नव्हे; मला दोन मुलगे आणि एक आगाऊ नात आहे. चौतीस वर्षं नर्सचं काम केलं. त्यातली शेवटची अकरा वेंगुर्ला, मालवण, कुडाळ या टापूत, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन. निवृत्त झाले तरी कोणी बोलावलं की अजून जाते. धर्मशास्त्राचं शिक्षण नाही. पाळकांनी सांगायचं ते पाळक सांगतील, मी बिछान्याशेजारच्या स्टुलावरून जे दिसलं ते सांगते.

आधी पडवीतला प्रश्न. तू जे उत्तर दिलंस ते बहुतेक मुलं देतात, त्यात पाप काही नाही. पण तुझ्या बाबांना माहिती नको होती. ती त्यांच्याकडे तुझ्या आधीपासून आहे, कारण शरीर त्यांचं आहे. शिवाय जन्मभर वर्गात उभा राहिलेला मास्तर. खोटं बोलणाऱ्या पोराचा चेहरा त्यांना अंधारातही ओळखता येत असणार. ते बघत होते की तू सोबत येतोस का. तू म्हणालास ‘बरे व्हाल’, आणि त्यांना कळलं की ही वाट एकट्याने चालायची आहे. मग तुला त्रास नको म्हणून ते गप्प झाले.

एका घरात बाईने मला बेड्यापाशीच, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशीच, गाठलं. "सिस्टर, ह्यांना काही सांगू नका हां." आत गेले तर नवरा माझा हात धरून म्हणतो, "हिला काही कळू देऊ नका." चाळीस वर्षं एका ताटात जेवलेली माणसं! मी दोघांना एका खोलीत बसवलं आणि चहा करायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. चहाला मुद्दाम वेळ लावला. बाहेर आले तेव्हा दोघं रडत होती, आणि त्या रात्री त्या माणसाला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

तेव्हा परत जा आणि एवढंच म्हण: "बाबा, परवा तुम्ही विचारलंत, मी घाबरून काहीतरी बोललो. आता विचारा." आणि गप्प बस. ते जेवढं विचारतील तेवढंच सांग. किती दिवस, असं विचारलं तर तारीख सांगू नकोस. ती डॉक्टरांनाही ठाऊक नसते.

आता ‘मरणाचं नाव काढू नका’ म्हणणाऱ्यांविषयी. माणसं वाईट नाहीत, घाबरलेली आहेत. पण ज्या पुस्तकाच्या आधाराने ती हे म्हणतात, ते पुस्तक उघडून बघ. मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात येशू शिष्यांना स्पष्ट सांगतो की मला दुःख सोसावं लागेल, मला मारतील. पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. थोडक्यात, ‘असलं बोलू नका’. आणि या पेत्राला, पट्टशिष्याला, येशूने जे सुनावलं ते इतकं कडक आहे की ते बोल त्याने दुसऱ्या कुठल्या शिष्याला लावलेले मला आठवत नाहीत. त्याला ‘सैताना’ म्हटलं. मरणाचा विषय काढला म्हणून नव्हे हं, बंद केला म्हणून.

बरं होण्यासाठी प्रार्थना करू नये, असं मी म्हणत नाही. मीही करते, प्रत्येक घरी करते. गेथशेमाने बागेत येशूनेच मागितलं होतं की हा प्याला टळू दे. टळला नाही. मग टळला नाही तो त्याचा विश्वास कमी पडला म्हणून, असं म्हणायचं का? एकदा एक बाहेरगावचे उपदेशक एका बाईच्या उशाशी उभे राहून म्हणाले की तुमचा विश्वास पुरेसा असता तर गाठ विरघळली असती. तिला अजून तीन आठवडे होते. ते तिने आपल्या कुठल्या पापामुळे हे झालं याची यादी करण्यात घालवले. इतक्या वर्षांत मला आजाऱ्याच्या घरी राग फार थोड्या वेळा आला; त्यातली ती एक वेळ.

आणि येशूचा मित्र लाजर, त्याचं काय? मेल्यावर चार दिवस कबरेत होता, येशूने हाक मारली, बाहेर आला. पण पुढे कधीतरी लाजर पुन्हा मेलाच की. त्याच्या बहिणींनी पुन्हा एकदा सगळं केलं असेल. बरा झालेला प्रत्येक माणूस पुढे मरतो. बरं होणं म्हणजे मुदतवाढ. मुदतवाढ मोठी गोष्ट आहे, ती नक्की मागावी. पण तू विचारतोस ती आशा मुदतवाढीची असती, तर ती आत्तापर्यंतच्या प्रत्येक माणसाच्या बाबतीत शेवटी फसलेली आहे.

मग ती कसली? इथे आपल्याकडे एक घोळ होतो. ‘आत्मा अमर आहे, शरीर हे वस्त्र’ असं आपण सगळेच बोलतो, ख्रिस्तीसुद्धा. हा विचार आपल्या मातीतला आहे आणि त्याने पुष्कळांना धीर दिला आहे. पण चर्चमधली मंडळी दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, म्हणते ते वेगळं आहे: शरीराचं पुनरुत्थान. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला याबद्दल पत्र लिहिलं ते येशूच्या मरणानंतर साधारण पंचवीस वर्षांनी. त्यात त्याने स्वतःला पळवाट ठेवली नाही. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट, असं सरळ लिहून टाकलं. उठलेल्या येशूचं शरीर कसं होतं? हातापायांवर जखमा तशाच, आणि भाजलेली मासळी खाणारं. मी नर्स आहे, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शरीर हे टाकून द्यायचं फडकं असेल, तर बेडसोअर धुण्यात माझी अकरा वर्षं वाया गेली.

याचा पुरावा दे म्हणशील तर माझ्याकडे प्रयोगशाळेचा कागद नाही. माझे यजमान गेले तेव्हा शेजारच्या वहिनींनी मला विचारलं होतं, "तुमच्यात कावळो नसता. मगे तुमका कळता कसा, माणूस सुखान गेलो की नाय?" कुचेष्टा नव्हती, खरंच काळजी होती. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर खूप विचार केला. आमच्याकडे खूण मिळत नाही हे खरंच आहे. आमच्याकडे एक बातमी आहे, एका माणसाबद्दलची, आणि ती आणणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा की नाही एवढंच आपल्या हातात असतं.

ती बातमी आणली कोणी ते बघ. बायकांनी. आणि त्या येशूच्या कबरेपाशी का गेल्या होत्या? आशेने नव्हे. शब्बाथ संपल्यावर, पहाटे, सुगंधी द्रव्यं घेऊन मढ्याचं उरलेलं काम करायला गेल्या होत्या. वाटेत त्यांची चर्चा काय, तर तो धोंडा कोण सरकवणार. घरात मयत झालं की बायका जे बोलतात तेच: पाणी कोण तापवणार, चादर कुठे आहे. पुरुष शिष्य दारं लावून बसले होते. ज्या हाताने काम करायला निघाल्या, त्यांना कबर रिकामी असल्याचं आधी दिसलं. आणि दिसल्यावरसुद्धा मार्क लिहितो की त्या घाबरून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान तिथेच संपतं.

मी तुला हे एवढं लांबण लावून सांगते, कारण तू विचारलंस आशा मिळते कुठे. नुसती शोधत बसलेल्या कुणाला ती सापडलेली मी पाहिली नाही. बाबांच्या खोलीत जा, काम कर.

काम म्हणजे काय ते नीट सांगते, कारण इथे अज्ञानाने फार छळ होतो.

पहिलं दुखणं. स्वादुपिंडाचं दुखणं पोटातून पाठीत जातं आणि रात्री माणसाला वाकवून बसवतं. दुखणाऱ्या माणसाला स्तोत्र ऐकवू नये, आधी औषध द्यावं. मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली बदल झाला तो रुग्णांना ही औषधं मिळणं सोपं व्हावं म्हणूनच. तरी प्रत्येक दुकानात नसतात. कॅन्सरवर उपचार केलेल्या रुग्णालयाकडून चिठ्ठी घे, जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह सेवेची, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेची, चौकशी कर. डॉक्टरांनी बेताने वाढवत नेलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही आणि ते घेणं म्हणजे हार मानणंही नव्हे. चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे पुढारी ‘ख्रिस्ताने वधस्तंभावर खिळण्याआधी दिलेला पित्त मिसळलेला द्राक्षारस चाखून नाकारला’ म्हणून गोळी घेईनात. मी म्हटलं, तो जगाच्या तारणासाठी मरत होता, तुम्ही प्रोस्टेटच्या कॅन्सरने मरताय, घ्या गोळी. हसले आणि घेतली.

लंडनला सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई होत्या. आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या आजाऱ्यांची सेवा करणारं घर, सुरू केलं. पक्क्या ख्रिस्ती. त्यांचं म्हणणं असं की मरणाऱ्याची वेदना एकटी शरीराची नसते. तिच्यात मन, घर, पैसा, देव सगळं गुंतलेलं असतं, आणि म्हणून सगळ्याचीच सेवा करावी लागते. आपल्याकडे १९८६ पासून वांद्र्याला शांती आवेदना सदन हेच काम करतंय. प्रश्न विचारून बाबा गप्प झाले तेव्हा त्यांचं दुखणं वाढलं का, बघ. बहुधा वाढलं असेल.

दुसरं, जेवण. पुढे त्यांची भूक जाईल. तेव्हा तुझी आई ‘दोन घास तरी’ म्हणत पेज भरवायला जाईल. तिला हळूच थांबव. खात नाहीत म्हणून मरत नसतात. शरीर आवरतं घेत असतं म्हणून खात नाहीत. बळेच भरवलेलं श्वासनळीत जातं. ओठ मात्र सुकू देऊ नका, ओल्या कापसाने टिपत राहा. शेवटच्या दिवसांत श्वास थांबून थांबून येतो, कधी अर्धा मिनिट येतच नाही, आणि घशात घरघर लागते. ऐकणाऱ्याला ते भयंकर वाटतं. आजाऱ्याला तोवर बहुधा त्याचं भान नसतं. कुशीवर वळवलं तर घरघर कमी होते. पण ऐकू येणं बराच काळ टिकतं, असं मानूनच वागायचं. म्हणून खोलीत जमिनीच्या वाटणीची कुजबुज नको.

आणि गाणं. हे मी औषधांच्या यादीत धरते. आपली गीतं आपल्या चालीवर आहेत हे मोठं भाग्य. रेव्हरंड टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, १८६१ चा जन्म, १८९५ मध्ये बाप्तिस्मा. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि भजनात बसवलं, म्हणून आज मालवणीत शिव्या घालणारा म्हातारासुद्धा मरताना ते गुणगुणू शकतो. बाबांना कुठलं गीत आवडतं ते आत्ताच विचारून ठेव. नंतर विचारता येत नाही आणि मग शवपेटीजवळ कुणीतरी भलतंच सुरू करतं.

आता तुझा राग. लपवू नकोस. लाजराची बहीण मार्था येशूला पहिल्या वाक्यात काय म्हणते? प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. ही तक्रारच आहे, आणि तिला रागावणं सोडाच, त्याच संभाषणात येशू तिला सांगतो, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." हे वाक्य आपण कबरींच्या दगडांवर कोरतो. पण ते मिळालं एका चिडलेल्या बाईला, तक्रारीच्या उत्तरात. पुढे कबरेकडे जाताना तो रडला. पाच मिनिटांत लाजराला उठवणार होता तरी रडला. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच. त्याला गोड शेवट नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. प्रार्थना येत नसेल तर ते मोठ्याने वाच, तुझ्या वतीने कुणीतरी रागावून ठेवलंय.

सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आठवतात का? सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोपर्यंत उत्तम मित्र होते. मग तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. प्रार्थनेला येणाऱ्या मंडळींना तू हे सांगू शकत नाहीस, पाळकसाहेब सांगू शकतील. त्यांच्या कानावर घाल.

‘माझा विश्वास मेला का’ असं तू विचारलेलं नाहीस, पण पत्रातून ते ऐकू येतं. माझं सांगते.

यजमान गेले ते आषाढात. आपल्याकडे पावसाळ्यात कबर खणणं काय असतं तुला माहीत आहे: वर चिखल, खाली जांभा, पहारीने तासन् तास. खड्ड्यात पाणी भरत होतं आणि दोन पोरं बादलीने उपसत होती. वर ताडपत्री धरलेली. लावणीचे दिवस, त्यामुळे शेजारपाजारचे शेतातून तसेच आलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. पाळकांनी करिंथकरांच्या पत्रातलं वाचलं, जे विनाशी ‘पेरले जाते’ ते अविनाशी उठवलं जातं, तेव्हा चिखलाने भरलेला एक शेजारी मान हलवत होता. पेरण्याचं त्याला कुणी समजावायला नको होतं. मला मात्र त्या वेळी आशाबिशा काही वाटली नाही. वाटलं ते इतकंच, की त्या पाण्यात ह्यांना थंडी वाजेल.

पुढे कित्येक महिने मी प्रार्थना केली नाही. दुसऱ्यांच्या घरी जाऊन करायचे, कामाचा भाग म्हणून, स्वतःची नाही. मंडळीतल्या बायका दर गुरुवारी संध्याकाळी घरी येऊन दोन गीतं म्हणायच्या. मी आत भांडी घासत बसायचे. त्यांनी मला एकदाही बाहेर बोलावलं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही. मग एका गुरुवारी ओहोळाला पाणी आलं, साकव बुडाला, बायका येऊ शकल्या नाहीत. आणि मी दारात उभी राहून चरफडत होते, आज ह्या का आल्या नाहीत म्हणून. तेव्हा कळलं की मी आत बसून ऐकत होते.

चार मित्रांनी पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडलं, ती गोष्ट तुला येते. लूकने तर कौलांचा उल्लेख केलाय, आपल्या घरासारखा. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं लिहिलंय. बाजेवरच्या माणसाने काय विश्वास धरला याबद्दल तिथे एक अक्षर नाही. तो बाजेवर पडून होता, बस्स. सध्या तू बाजेवर आहेस, नि कौलं काढायला दुसरे आहेत. एका पंडिता रमाबाईंना बघ. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग नवरा, आणि १९२१ साली एकुलती एक मनोरमा. त्यानंतर वर्षभरही त्या जगल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ ला केडगावला गेल्या. पण त्या उरलेल्या महिन्यांत त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम खाली ठेवलं नाही. त्यांना रोज सकाळी काय वाटत होतं, मला ठाऊक नाही. काम पुरं केलं एवढं ठाऊक आहे.

एका तांडेलाचं, म्हणजे मच्छीमार होडीच्या प्रमुखाचं, सांगून थांबते. मालवणकडचा, कॅथलिक, फुप्फुसाचा कॅन्सर. त्यांचे फादर येऊन प्रार्थना करून आजाऱ्याला लावायचं तेल लावून गेले होते. मी प्रॉटेस्टंट, पण त्याला त्याचं काही नव्हतं, म्हणाला वाच काहीतरी. मी उत्साहाने प्रकटीकरणाचा एकविसावा अध्याय काढला, देव सगळे अश्रू पुसून टाकील तो. विसरले की पहिल्याच वचनात ‘समुद्र राहिला नाही’ असं आहे. म्हातारा ताडकन म्हणाला, "समुद्र नाय? मगे मी थंय करू काय?" मी समजावलं की ज्यांनी ते लिहिलं त्यांना समुद्र म्हणजे बुडवणारा, भिववणारा, ते भय उरणार नाही असा अर्थ. पटलं नाही. मग योहानाचा शेवटचा अध्याय वाचला: रात्रभर जाळं टाकून रिकामे परतलेले शिष्य, किनाऱ्यावर विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर, आणि उठलेला येशू त्यांना न्याहारीला बोलावतोय. जाळ्यात १५३ मासे. "मोजले?" त्याने विचारलं. मोजले, लिहिलंय तसं. "मगे खरा असतला," म्हणाला. "खोटा सांगणारो दोनशे सांगता."

दुसऱ्या एका दिवशी इब्री लोकांच्या पत्रातलं वाचलं, आशा ही जिवाचा नांगर आहे. रोममधल्या भुयारी कबरींवर पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हाच नांगर कोरलेला आहे. मी शेतकऱ्याची लेक, मला इतकी वर्षं त्या वचनात जमीन नांगरायचा नांगरच दिसायचा, बैलांसकट! तांडेलाला अर्थातच होडीचा दिसला. मी म्हटलं, मामा, मला हल्ली काही धरून ठेवतंय असं वाटत नाही. तो दमत दमत बोलला, "नांगर कधी दिसता काय गो? तो खाली रवता. दोरी ताठ असा मां? मगे झाला."

तुझी दोरी मला ताठ दिसते. नसती तर रागावला कशाला असतास.

आता हे पत्र ठेव. मॉर्फिन सुरू झालं की पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषधही डॉक्टरांकडून मागून घे, ते हमखास राहून जातं. आणि रात्री आई झोपली की पडवीत नाहीतर त्यांच्या उशाशी जाऊन बस. परवाचं वाक्य बोल. त्यांनी लगेच काही विचारलं नाही तर खोबरेल कोमट करून पाय चोळ. पाय गार पडतात त्यांचे.